मातीचे शिष्यत्व

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण अनुभवातून जन्मास आलेली आहे. डोंगराच्या निळ्या रेषेत काटे दिसत नाहीत, चढ जाणवत नाही आणि उन्हाचा चटकाही लागत नाही. शहरात राहणाऱ्या माणसाला खेडे असेच दिसते. दिवसभर कचेरीत बसून थकलेला, गर्दीत गुदमरलेला आणि धुराने डोळे चुरचुरणारा नागरिक जेव्हा एखादे हिरवे शेत पाहतो, तेव्हा सारे सोडून तेथेच जाऊन राहावे, असे त्याला वाटू लागते. पुष्कळांच्या मनात हा विचार येतो आणि जातो. थोडे लोक मात्र खरोखरच नोकरी सोडतात, गाशा गुंडाळतात आणि गावाची वाट धरतात. अशा माणसांच्या कथा मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. ते कौतुक कितपत योग्य आहे? शहर सोडले आणि निसर्गाच्या जवळ जाऊन राहिले, एवढ्यानेच मनुष्याचे जीवन श्रेष्ठ ठरते काय?

या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील मासानोबू फुकुओका यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९१३ साली शिकोकू बेटावरील एका शेतकरी कुटुंबात झाला. वनस्पतींच्या रोगांचे शास्त्र शिकून ते योकोहामा बंदराच्या जकात खात्यात नोकरीस लागले. बोटीतून येणाऱ्या-जाणाऱ्या रोपांची व फळांची तपासणी करावी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्राशी रमावे, असा त्यांचा दिनक्रम असे. नोकरी चांगली होती, शहर मोठे होते. परंतु पंचविशीच्या सुमारास ते आजारी पडले. रुग्णालयातील एकांतात मरणाच्या विचाराने त्यांना घेरले. बरे झाल्यावरही मन थाऱ्यावर येईना. रात्र-रात्र ते भटकत राहत. अशाच एका रात्री ते बंदरावरील टेकडीवर एका झाडाखाली पडून राहिले. पहाट झाली, धुके विरले आणि एक रातबगळा ओरडत उडून गेला. त्या क्षणी त्यांना वाटले की, ज्या ज्ञानाचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते किती तोकडे आहे! दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

कथा येथेच संपली असती, तर ती केवळ सुंदर ठरली असती. उपयोगी ठरली नसती. कारण खरा धडा पुढेच आहे. फुकुओका गावी परतले, तेव्हा वडिलांनी संत्र्यांची बाग त्यांच्या हाती सोपविली. ‘निसर्ग आपले काम आपणच करतो, माणसाने त्यात ढवळाढवळ करू नये,’ या विश्वासाने त्यांनी झाडांची छाटणी बंद केली. परंतु ती झाडे वर्षानुवर्षे माणसाच्या हाताने वळण लावून वाढविलेली होती. छाटणी थांबताच फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडींनी घर केले आणि बाग वाळत गेली. ज्याला निसर्गाची एवढी ओढ होती, त्याच्याच हातून वडिलांची झाडे मेली! झाडांना मोकळे सोडणे आणि त्यांना वाऱ्यावर सोडणे, यांतील भेद फुकुओकांना असा फार महागात शिकावा लागला.

पुढे महायुद्धाच्या काळात त्यांनी कोची येथील कृषिसंशोधन केंद्रात काम केले आणि १९४७ साली ते पुन्हा शेतीकडे वळले. या खेपेस त्यांनी घाई केली नाही. एकेक प्रयोग करावा, त्याचे फळ पाहावे, चुकले तर सोडून द्यावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. नांगरणी न करता, रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता धान्य पिकविण्याची रीत त्यांनी हळूहळू बसविली. भाताचे पीक उभे असतानाच ते त्यात क्लोव्हर या शेंगवर्गीय वनस्पतीचे आणि जवाचे बी विखरीत. भात कापून झोडल्यावर सगळा पेंढा पुन्हा शेतातच पसरीत. भाताचे बी चिखलाच्या लहान गोळ्यांत गुंडाळून टाकीत, म्हणजे ते पाखरांच्या व उंदरांच्या तोंडी पडत नसे. पेंढ्याने तण दबे, ओल टिके आणि तोच कुजून जमिनीचे अन्न होई. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे ही रीत जगभर पोहोचली. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००८ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते निवर्तले.

या चरित्राचा अर्थ काय? एका पहाटेच्या साक्षात्काराने माणूस नोकरी सोडू शकतो, परंतु शेतकरी होऊ शकत नाही. शेतकरी होण्यासाठी अनेक पावसाळे लागतात. शहरातून जाणारा मनुष्य बरोबर पदव्या नेतो, पैसा नेतो, पुस्तके नेतो. त्यांतील काहीही टाकाऊ नाही. पण मातीपुढे त्याने पहिल्या इयत्तेत बसण्याची तयारी ठेवली पाहिजे. ज्या निरक्षर शेतकऱ्याला तो शिकवायला निघालेला असतो, त्याला वाऱ्याची दिशा पाहून पाऊस कळतो आणि ढेकूळ हातात घेऊन पेरणीची वेळ समजते. त्याचे शिष्यत्व न पत्करता जो गावात जातो, तो गावातला पाहुणाच राहतो. मग त्याने तेथे घर का बांधलेले असेना!

निसर्गाप्रमाणेच गावही शिकावे लागते. त्याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. विलासराव साळुंखे हे अभियंता होते आणि पुण्यात त्यांचा स्वतःचा कारखाना होता. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यात हिंडून पाहिले, तेव्हा हजारो शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. त्या खडीने पोट कसेबसे भरत होते, पण पुढच्या वर्षीचा पाण्याचा प्रश्न सुटत नव्हता. साळुंख्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर उजाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. तिच्यावर बांध घातले, पाणी अडविले, ते मातीत मुरविले आणि ओसाड माळावर पीक उभे केले.

एखादा दुसरा मनुष्य आपल्या हिरव्या तुकड्याकडे पाहत तेथेच समाधानाने थांबला असता. साळुंखे थांबले नाहीत. पाणी एकाचे नसते, हे त्यांनी ओळखले. गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘पाणी पंचायत’ ही चळवळ उभारली. ज्याची जमीन मोठी त्याला पाणी जास्त, ही रीत तेथे चालली नाही. घरात माणसे किती, यावर पाण्याचा वाटा ठरला: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. फार पाणी पिणारा ऊस लावायचा नाही, हा नियम सर्वांनी मानला. २००२ साली साळुंखे गेले; पण पाणी ही सर्वांची ठेव आहे, हा त्यांचा विचार मागे राहिला. कारखान्यातील मोजमापाची शिस्त त्यांनी गावात नेली आणि गावातील सुखदुःखाशी ती जोडली. शहराचे ज्ञान खेड्यात कसे न्यावे, याचा याहून चांगला पाठ कोणता असेल?

येथे एक शंका कोणीही घेईल. काही थोडे लोक शहर सोडून गावाकडे जातात हे खरे. पण त्याच वाटेने समोरून कितीतरी अधिक माणसे शहराकडे येत असतात. पाऊस फसला म्हणून, कर्ज फिटेना म्हणून, मुलांना शिकवायचे म्हणून ती निघतात. डोक्यावर गाठोडे घेऊन स्थानकावर उतरलेल्या त्या कुटुंबाला ‘खेड्यातले जीवन किती रम्य!’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. फुकुओकांना परत जाण्यास वडिलांची जमीन होती. साळुंख्यांच्या पाठीशी कारखाना होता. एक मनुष्य आवडीने गावात जातो आणि दुसरा निरुपायाने गाव सोडतो, या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. गाव सोडणारा निसर्गाचा शत्रू नसतो. पुष्कळदा तर वेशीपाशी त्याचे पाऊल अडखळते आणि तो एकदा मागे वळून पाहतो.

म्हणूनच शहर सोडणाऱ्याची कसोटी त्याने काय सोडले, यावर लावू नये. मोठा पगार सोडला, बंगला सोडला, हे ऐकून टाळ्या पडतात. पण त्यागाचा हिशेब त्यागणाऱ्याच्याच उपयोगी असतो. गावाने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. हा मनुष्य आल्यापासून दहा वर्षांत येथील माती अधिक सकस झाली काय? विहिरीचे पाणी वर आले काय? शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलाला गाव सोडण्याची सक्ती थोडी तरी कमी झाली काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी असतील, तर त्याचे येणे सार्थकी लागले. ती ‘नाही’ अशी असतील, तर त्याने केवळ आपल्या विश्रांतीची जागा बदलली, एवढेच म्हणता येईल.

आणि ज्यांना शहरातच राहावयाचे आहे, त्यांनाही या शिष्यत्वापासून सुटका नाही. ताटातील भाकरी कोणत्या मातीतून आली, नळाचे पाणी कोणत्या खोऱ्यातून आले, हे जाणून जो अन्न टाकीत नाही आणि पाणी सांडीत नाही, तो सिमेंटच्या इमारतीत राहूनही निसर्गाच्या जवळच असतो. डोंगर दुरून साजरे दिसतात, यात डोंगराचा दोष नाही. जवळ जाऊन, काटे सोसून, घाम गाळून जो त्यांच्यावर एक झाड जगवितो, त्याला ते जवळूनही साजरेच दिसतात.