उपग्रहाची साक्ष आणि गावाची साक्ष

आकाशातून घेतलेली प्रतिमा कधी खोटे बोलत नाही, असा नवा वेदान्त शासनदरबारी रूढ होऊ पाहत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या तो मुळावर येणारा असल्याने त्याची झडती घेणे भाग आहे.

उपग्रहावरील कॅमेऱ्याची विद्युतयंत्रणा घडविणारा अभियंता असा दावा करणार नाही. जमिनीवरून परतलेला प्रकाश संवेदक टिपतो, त्याचा विद्युतभार होतो, त्या भाराचा आकडा होतो. या प्रवासात काय गळून पडते हे त्याला ठाऊक असते. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेबाहत्तर मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून मोठा होता. १९९५ च्या आयआरएस-१सी वरील लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरवर, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांवर आला. तेवढ्या जागेतले धान, बांध, मोह आणि झोपडी या सर्वांची मिळून १२८ छटांपैकी एकच छटा! पुढे अधिक तीक्ष्ण कॅमेरे आले, हे खरे. परंतु नांगर कोणाचा होता, हे कोणत्या कॅमेऱ्याला दिसते?

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत २०१२ साली स्पष्ट लिहिले गेले की, उपग्रह-प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा अतिक्रमणांची उपग्रह-पाहणी करण्याचे काम भारतीय वन सर्वेक्षणाकडे सोपविले. देशभर संताप उसळला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला आदेशाला स्थगिती मिळाली. धोका टळला, संपला नाही.

बिगर-आदिवासी वनवासीयांकडून तर हा कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास मागतो. म्हणजे १९३० चा पुरावा! मानवाचा पहिला उपग्रह १९५७ साली आकाशात गेला. मग १९३० च्या शेताची प्रतिमा कोणी आणावी?

खोटे दावे रोखायचे कसे, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर कायद्यातच आहे: वृद्धांचे लेखी जबाब, बांध, विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने आणि वनहक्क समितीची प्रत्यक्ष पाहणी. शेजाऱ्याचा बांध गावाइतका कोण ओळखतो? गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, तो ग्रामसभेच्या बळावर.

आमचे भांडण विज्ञानाशी नाही. उपग्रह जनतेच्या पैशातून उभा राहिला आहे. त्याची प्रतिमा दावेदाराच्या बाजूने बोलत असेल तर ती अवश्य जोडावी. परंतु यंत्राला न्यायाधीशाच्या आसनावर बसविणारे हात यंत्राचे नसतात, सत्तेचे असतात. म्हणून साथींनी गावोगावच्या ग्रामसभांत जावे, वृद्ध हयात आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्यावेत आणि केवळ प्रतिमेवरून फेटाळलेल्या प्रत्येक दाव्यावर अपील करावे. अभियंत्यांनीही आपल्या यंत्राच्या मर्यादा जनतेला मराठीत सांगाव्यात. तेही श्रमिकच आहेत.