मागचे झाकण उघडा

घड्याळ घेताना आपण काय बघतो? डायल बघतो, काटे बघतो, पट्टा बघतो. कानाशी धरून टिकटिक ऐकली की पैसे मोजून मोकळे! मीही तेच केले, म्हणून हा लेखप्रपंच.

मला जुनी चावीची घड्याळे जमवण्याचा नाद आहे. (नाद म्हणजे एकूण चार घड्याळे, बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला याहून मोठा नाद परवडत नाही.) गेल्या दिवाळीत एका विक्रेत्याकडून बाराशे रुपयांना पाचवे घेतले. निळी चकचकीत डायल, तिच्यावर नामांकित स्विस नाव. ‘पन्नास वर्षांपूर्वीचे, सगळे ओरिजिनल,’ असे त्याने शपथेवर सांगितले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध घड्याळजी बसतात. त्यांना मोठ्या ऐटीत दाखवले. डायलकडे ढुंकूनही न पाहता ते कन्नडमध्ये म्हणाले, ‘मेले नोडबेडप्पा, ओळगे नोडु.’ वर नको बघूस बाबा, आत बघ. त्यांनी मागचे झाकण काढले आणि भिंग माझ्या हातात दिले. बॅलन्स व्हीलजवळ आकडा कोरलेला होता : ०२३१. म्हणजे एचएमटीची मशीन! स्वित्झर्लंड राहिले दूर, माझे घड्याळ निघाले आपल्याच राज्यातले.

ही ०२३१ काही टाकाऊ नव्हे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून एचएमटीने बेंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ घड्याळात हीच मशीन असे. तिच्यात १७ माणके. चाकांच्या आसांची टोके या कृत्रिम माणकांत फिरतात, त्यामुळे झीज कमी होते. थोड्याफार फरकाने हीच मशीन कंपनीच्या इतरही चावीच्या घड्याळांत बसे. साहजिकच सुटे भाग मिळत आणि कोणताही घड्याळजी ती दुरुस्त करी. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, पण मशिनी अजून चालताहेत. मात्र तिचा हाच गुण लबाडांच्याही पथ्यावर पडला. तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचे आणि वर हवे ते नाव रंगवायचे!

डायलवरचे नाव एक आणि मशीन दुसऱ्याची असली की फसवणूकच, असेही नाही. कित्येक स्विस कंपन्या ए. शिल्ड, ईटीए अशा कारखान्यांच्या तयार मशिनी घेऊन आपल्या नावाने घड्याळे विकत. तो उघड व्यवहार होता.

काही संग्राहक म्हणतात, असली रंगवलेली घड्याळे कचऱ्यात टाका. मला हे मुळीच पटत नाही. डाग पडलेली डायल गिऱ्हाइकालाच नको असते. ती रंगवून देणारा कारागीर आपले पोट भरतो, त्यात पाप कसले? लबाडी ‘ओरिजिनल’ या एका शब्दात आहे. ऑडिटिंगच्या तासाला आपण शिकतो की वहीतला माल गोदामात आहे की नाही ते पडताळावे. मग जुने घड्याळ विकणाऱ्याने मशीनचा नंबर पावतीवर का लिहू नये? आणि आपण तो का मागू नये?

हे लिहिणे सोपे. माझ्या मित्राने सल्ला दिला, ‘तूही पंधराशेला विकून टाक. खोटे बोलू नकोस, नुसते झाकण उघडू नकोस.’ परीक्षेच्या फीची तारीख जवळ आली होती. दोन रात्री मी हा हिशेब करीत होतो, हे कबूल करतो.

शेवटी सहाशेला विकले. सोबत चिठ्ठी दिली : ‘डायल नवीन रंगवलेली. मशीन एचएमटी ०२३१. केस कुठली ते माहीत नाही.’ घेणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ‘एचएमटी आहे होय? मग चालेल की!’ म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या चावी देऊ लागले.