गव्हाच्या दोन पाण्यांमध्ये काठमांडू



परदेशाची सहल हे श्रीमंतांचेच काम, असे समजू नका. नेपाळच्या काठमांडूस जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही, विमानही लागत नाही. नाशिक-भुसावळवरून जाणारी कुशीनगर एक्सप्रेस गोरखपूरला पोचवते. तेथून बसने सोनौली. सरहद्द ओलांडली की पुढे नेपाळी बस. शहराला तीन दिवस पुरेत. जाऊन-येऊन नऊ-दहा दिवस धरा.

वेळ मात्र पीक पाहून ठरवा. भारी जमिनीत गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पाणी द्या आणि मग निघा. दुसरे पाणी ४० ते ४२ दिवसांनी. त्याआधी घरी परता. गुराढोरांची, धारेची सोय आधीच लावून ठेवा.

मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवा. नुसत्या आधारकार्डावर विसंबू नका. तेथील १६० रुपये म्हणजे आपले १००, हा हिशेब ध्यानात ठेवा. पशुपतिनाथ, स्वयंभूनाथ, पाटण पाहा. पहाटे कालिमाटीचा भाजीबाजारही पाहा. डिसेंबरात थंडी कडक असते, उबदार कपडे न्या.

खर्च विकलेल्या मालातून करा. पीककर्जाला हात लावू नका. आणि बंधूंनो, कारभारणीला घरी ठेवून एकटे जाऊ नका. वर्षभर तीही राबली आहे.