आमिष घरी करावं का?

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत धाकटा नातू पुण्याहून शिरूरला आला तो पाठीवर दप्तर आणि हातात एक लांबडं नळकांडं घेऊन. मला वाटलं, चित्रकलेचे कागद असतील. उघडलं तर आत गळाची काठी! चिरंजीव नववीतून दहावीत गेलेले. अभ्यासाची पुस्तकं मात्र ‘विसरली’.

दोन दिवसांनी दुपारी झोपेतून जागा झालो तो घाण वासाने. स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर गॅसवर जुनी पितळी वाटी, वाटीत माझ्या स्लिपरचे तुकडे आणि त्यातून काळा धूर. नातू डोळे पुसत उभा. त्याला म्हणे मासे पकडायला मऊ प्लॅस्टिकचे बेडूक आणि गांडुळं करायची होती. व्हिडिओत फार सोपं दिसतं. सूनबाई काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही (त्या हे वाचणार आहेत).

पुण्याच्या आमच्या माळकरी ताईंना हे कळल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाल्या, तू जन्मभर मुलांना शिकवलंस, आता म्हातारपणी नातवाला जीव घ्यायला शिकवणार का? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, म्हणून इथे देतो. माझं मत असं की पोरगं गळ टाकणारच असेल तर त्याने आमिष घरी करावं, स्वतःच्या हाताने करावं. मात्र स्वयंपाकघरात नाही, आणि स्लिपरचं तर मुळीच नाही.

याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं बालपण दौंड तालुक्यात भीमेकाठी गेलं. उजनीचं धरण पूर्ण झालं १९८० साली. मी सांगतोय ते १९६२-६३ चं, म्हणजे भीमा तेव्हा उन्हाळ्यात डोहाडोहांतून राहायची. भोई आळीतला माझा एक वर्गमित्र होता. मरळ धरायची तर जिवंत बेडूक लागतो, हे त्याने मला शिकवलं. बेडकाच्या मागच्या मांडीतून गळ ओवायचा आणि तो पाण्यावर सोडायचा. बेडूक पोहायला बघतो, पण त्याला नीट पोहता येत नाही. त्या धडपडीवरच मरळ येते. सकाळी एका डब्यात आठ-दहा बेडूक भरायचे, संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. त्यातल्या निम्म्यांवर मरळ येतच नसे, ते नुसतेच मरत. बारा वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वाटायला लागलं ते खूप पुढे, वर्गात मुलं प्रयोगासाठी बेडूक घेऊन आली तेव्हा. डब्याचं झाकण उघडलं आणि मला एकदम भीमेचा काठ आठवला. मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

आज तो मोठा पिवळा बेडूक पहिल्या पावसात पूर्वीसारखा ओरडताना ऐकू येत नाही. पूर्वी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी खायला जात, ते १९८७ साली सरकारने बंद केलं. वन्यजीव कायद्यानेही त्या बेडकाला संरक्षण आहे. म्हणजे आम्ही जे खुशाल केलं तो आज गुन्हा आहे, आणि तसा तो असायलाच हवा. तेव्हा नातवाने प्लॅस्टिकचा बेडूक करायचं मनात आणलं याचा मला राग नाही, उलट बरंच वाटलं.

हा उद्योग काही नवा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली घरच्या चुलीवर मऊ प्लॅस्टिकचं पहिलं गांडूळ शिजवलं. व्हिडिओवाले सगळे त्याचेच वंशज. पण त्याने स्वयंपाकघरात केलं म्हणून आपणही करावं असं नाही. त्या काळी या धुराबद्दल फारसं कुणाला माहीत नव्हतं.

मग आम्ही दोघे शिकायला बसलो. मी बीए, तेही मराठी माध्यमातून, आणि शिकवले ते मराठी-इतिहास. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या शेजारच्या वर्गाएवढाच. पण समजलं ते असं. या कामाला जे लागतं त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. पीव्हीसीची अगदी बारीक भुकटी एका तेलकट द्रवात कालवलेली असते. दिसायला दुधासारखं. तापवलं की आधी ते घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या होतात, आणि इथेच नवखा माणूस घाबरतो की बिघडलं. आणखी तापू दिलं की साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला ते पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतं, काकवीसारखं. तेव्हा साच्यात ओतायचं. थंड झालं की रबरासारखं लवचीक. त्या तेलकट द्रवामुळेच ते मऊ राहतं. म्हणून स्लिपर वितळवून किंवा पाण्याच्या पाइपाचे तुकडे तापवून हे होत नाही. स्लिपर वेगळ्याच पदार्थाची असते, आणि पाइप पीव्हीसीचा असला तरी त्यात हे तेल नसतं, तो वितळण्याऐवजी करपतो. टी-शर्टवर छापायच्या शाईलाही प्लॅस्टिसॉलच म्हणतात, तीही इथे उपयोगाची नाही. दुकानात नुसतं नाव सांगून चालत नाही, मऊ खेळण्यांसाठीचं हवं असं सांगावं लागतं.

चिक्कीचा पाक करणाऱ्याला हे लवकर समजेल. पाक पुढे गेला की कडू होतो, इथे तो पुढे गेला की पिवळा-तपकिरी पडतो आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती घशाला आणि डोळ्यांना झोंबते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. म्हणून तापमापक हवाच, नजरेच्या अंदाजावर हे काम नाही. आम्ही गच्चीवर विजेची शेगडी नेली, वारा पाठीमागून येईल असे उभे राहिलो, हातात जाड चामडी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. मे महिन्याच्या उन्हात! शेजारी विचारायला लागले की मास्तर वेल्डिंग शिकताहेत का. ज्या भांड्यात हे तापवलं त्याच्यावर लाल तैलरंगाने फुली मारली आहे. ते भांडं पुन्हा कधीही स्वयंपाकघरात येणार नाही, असं मी सूनबाईंना लिहून दिलं आहे.

साचा हा भाग मात्र मला मनापासून आवडला. नातवाला एकदम बेडूक करायचा होता. मी म्हटलं, आधी गांडूळ. पोकळ बेडकाला दोन बाजूंचा साचा लागतो, ते पुढचं शिक्षण. गांडुळाला एकाच बाजूचा उघडा साचा पुरतो. शाडूचं गांडूळ वळलं, काचेच्या तुकड्यावर चिकटवलं, भोवती पुठ्ठ्याची चौकट लावली, तेलाचा हात फिरवला आणि वरून प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतलं. अर्ध्या तासात साचा हाताला घट्ट लागतो, पण तो वाळलेला नसतो. हे कळायची किंमत मी मोजली. दुसऱ्याच दिवशी ओतायची घाई केली. आत पाणी राहिलं होतं, त्याची वाफ झाली आणि गरम रसाचा शिंतोडा मोज्याच्या वर मनगटापर्यंत आला. डाग अजून आहे. तो नातवाच्या हातावर आला नाही एवढंच नशीब. त्यानंतर साचे सहा दिवस उन्हात ठेवले, पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकाचे दोन हात दिले, ते वाळवले आणि मगच पुढे गेलो. हात बसेपर्यंत जुन्या मेणबत्त्यांचं मेण ओतून सराव केला. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी आठवडाभर मेणच ओतावं. साचा कसा भरतो, बुडबुडे कुठे राहतात, सगळं त्यात समजतं, आणि अंगावर बेतत नाही.

शंभर मिलिलीटरमध्ये आमची करंगळीएवढी सोळा गांडुळं झाली. तीन वाकडी, एक बिनशेपटीचं. नातू ती फेकणार होता. पण या पदार्थाचा एक गुण असा की तुकडे पुन्हा तापवून पुन्हा ओतता येतात, रंग थोडा काळवंडतो इतकंच. वाकडी तीनही सरळ झाली.

तयार झालेली त्याने हौसेने एका कडक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली. चार दिवसांनी डब्याचा तळ चिकट, गांडुळं त्यात रुतलेली. ते तेल बाहेर पाझरतं आणि काही कडक प्लॅस्टिकांना विरघळवतं. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवली तर काही होत नाही. निरनिराळे रंग वेगवेगळे ठेवावेत, नाहीतर होळी होते. आणि एक महत्त्वाचं. या तेलांतल्या थॅलेट जातीच्या काही द्रव्यांना युरोपने लहान मुलांनी तोंडात घालायच्या खेळण्यांत १९९९ पासूनच मनाई केली आहे. म्हणून प्लॅस्टिसॉल घेताना थॅलेट नसलेलं मागावं, आणि घरात रांगतं मूल असेल तर ही गांडुळं कुलपात.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं तिथे येतो. जिवंत बेडूक पाण्यात हरवला तर नदी त्याला पचवते. आमची ही गांडुळं नदीला पचणारी नाहीत. आमच्या दौंडच्या भीमेत आधीच मुळा-मुठेतून पुण्याचं काय काय येतं ते सांगायला नको. त्यात आमची भर कशाला? शिवाय मासा ते गिळतो आणि ते त्याच्या पोटात तसंच बसतं. बेडकाचा जीव वाचवून माशाच्या पोटात रबर घालायचं, याला मी दया म्हणणार नाही.

विकतचं आमिष तुटलं तर माणूस दुसरं विकत घेतो. घरी केलेलं तुटलं तर जीव हळहळतो, सहा दिवस साचा वाळवलेला असतो ना! मी नातवाला घरी करायला सांगतो ते पैसे वाचवायला नाही. शेगडी, मोजे, तापमापक धरून खर्च तयार आमिषांपेक्षा जास्तच झाला. पण स्वतः केलेली वस्तू माणूस सहज टाकत नाही. गळाचं टोक त्या गांडुळाच्या अंगातच लपवायचं म्हणजे जलपर्णीत अडकत नाही, हेही तो अशाच हळहळीतून शिकला. बुडवायला लागणारं शिसं मात्र घरी वितळवायचं नाही, त्याच्या धुराचं विष अंगात साठतं. ते विकतच आणावं.

मी त्याला दोनशे पानी वही करून दिली आहे. किती नेली, किती परत आणली, तुटलेले तुकडे किती आणले. शाळेत खडूंच्या खोक्यांचा हिशेब ठेवायचो, तसाच.

जुलैत एका रविवारी तो आला तेव्हा त्याला भीमेवर घेऊन गेलो. माझा तो भोई आळीतला मित्र आता थकलाय, त्याचा मुलगा उजनीच्या फुगवट्यावर जाळी टाकतो. त्याला भेटून, विचारून मगच गळ काढला. ज्या पाण्याच्या मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो तिथे हौशी माणसाने विचारल्याशिवाय उतरू नये. मित्राने ते गांडूळ हातात घेऊन दाबून पाहिलं, हुंगलं आणि हसला. “आरं, माशाला खेळवायचंय का खायाचंय?” नातू म्हणाला, सोडून देणार. त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या घरी मासा म्हणजे भाकरी. आमच्या घरी खेळ. नातवाला वाटतं सोडून दिलं की सगळं फिटलं. ओठात गळ घुसलेल्या माशाला तसं वाटत असेल का, हे मी त्याला विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही आणि मीही घाई करत नाही.

काठाला गवतात पाणी बुडबुडत होतं आणि त्यावर बारीक लालसर पिल्लांचा थवा फिरत होता. मरळीची पिल्लं. नातू हरखला, कारण व्हिडिओत त्याने पाहिलं होतं की अशा थव्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास हल्ला करते. मित्राने त्याची काठी धरली.

“गुंडाळ. तिथं आम्ही जाळंबी टाकत नाय. पिल्लं राखत्यात ती. भुकेनं न्हाय येत ती, रागानं येती.”

साठ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ते कधी पाळलं होतं का, मला आठवेना. त्यालाही विचारलं नाही. नातवाने काठी गुंडाळली, थोडा हिरमुसला, मग पालथा पडून तासभर ती पिल्लंच बघत बसला. मरळ एकदा वर आली, श्वास घेऊन खाली गेली. तेवढी दिसली.

तर ताई, हे माझं उत्तर. मी त्याला काय शिकवतोय ते मला पुरतं ठाऊक नाही, पण तो डबा भरून बेडूक घेऊन जात नाही. त्या रविवारी घरी येऊन त्याने वहीत लिहिलं: नेली आठ, आणली सात, तुकडा एक. म्हणजे सगळी आली. आता दिवाळीच्या सुट्टीत दोन बाजूंच्या साच्याचा बेडूक करायचं ठरलंय. तुमच्या माळ्यावर ती जुनी जाड काच आहे ना, येताना घेऊन या. कढई नको, कढईवर सूनबाईंचा आक्षेप आहे.