भंगारात देण्याआधी एक संगणक जिवंत ठेवूया



शाळेत निर्लेखनाची यादी करायची वेळ आली की त्यात काय काय असतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मोडकी बाकं, फुटके फळे, गंजलेली कपाटं आणि आता त्यांच्या जोडीला जुने संगणक. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये शेरा पडतो, समितीच्या सह्या होतात आणि सगळं एका टेम्पोत बसून जातं. बाकांबद्दल माझी तक्रार नाही. संगणकांबद्दल मात्र आहे.

प्रत्येक शाळेने, ते जमत नसेल तर प्रत्येक केंद्राने, एक जुना संगणक चालू स्थितीत ठेवावा. त्यातलं काम नव्या संगणकावरही उघडेल अशी सोय करावी. आणि हे सगळं मुलांना सोबत घेऊन करावं. हा जुन्या आठवणी कुरवाळण्याचा उद्योग नाही, शिकवण्याचा भाग आहे. कसा, ते सांगतो.

आपल्या शाळांतला पहिला संगणक

आज नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांना वाटतं की शाळेत संगणक आला तो आयसीटी योजनेतून. ती योजना २००४ सालची. त्याच्या वीस वर्षं आधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. त्यात शाळांना जो संगणक मिळाला त्याचं नाव बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये तो बाजारात आणला होता. पुढे आपल्याकडच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनेही परवाना घेऊन तो बनवला. देशभरातल्या शाळांत मिळून असे सुमारे १२,००० संगणक वाटले गेले.

कीबोर्ड आणि यंत्र एकाच खोक्यात. बटण दाबलं की 'टूं' असा आवाज आणि लगेच काम सुरू. वाट बघणं नाही, अपडेट नाही. मेमरी किती? ३२ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला ३ एमबीचा एक फोटो त्याच्या साधारण शंभर पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत मुलं बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायची, पाढे छापायची, रेषा काढायची. साध्या टेपरेकॉर्डरला जोडून प्रोग्राम कॅसेटवर साठवायची सोय होती.

याच यंत्राच्या पोटातून पुढचं केवढं निघालं ते पाहा. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे बीबीसी मायक्रो घडवणाऱ्यांपैकी दोघे. त्यांनीच पुढे एआरएम हा प्रोसेसर आखला. १९८५ मध्ये त्याची पहिली चिप तयार झाली. ती बनण्याआधी तिचं काम कसं चालेल हे विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच प्रोग्राम लिहून तपासलं होतं. आज मुलांच्या हातात जो मोबाइल आहे, त्याचा प्रोसेसर याच घराण्यातला.

मग ते १२,००० संगणक कुठे गेले? बहुतेकांचं निर्लेखन झालं असणार. एखादा तुमच्या संस्थेच्या अडगळीच्या खोलीत अजूनही पोत्याखाली असेल. पण त्यावर मुलांनी काय लिहिलं, शिक्षकांनी कोणते पाठ तयार केले, ते आज आपल्याला दाखवता येत नाही. एवढा मोठा प्रयोग झाला आणि पुढच्या पिढीच्या शिक्षकाच्या हाती त्याची एक कॅसेटही आली नाही.

हौशी मंडळी काय करतात?

इंग्लंडमध्ये आणि इतर देशांत या संगणकावर प्रेम करणारे लोक आहेत. चाळीस वर्षांनंतरही ते तो चालू ठेवतात. त्यांचं काम दोन वाटांनी चालतं.

पहिली वाट दुरुस्तीची. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात काही जुन्या पद्धतीचे कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत ओलावा शिरतो आणि एक दिवस बटण दाबताच धूर येतो. यंत्र मेलं असं समजून लोक ते फेकतात. खरं तर जाणकार माणूस थोड्या पैशांचा तो भाग बदलतो आणि यंत्र पुन्हा चालायला लागतं. फ्लॉपी मिळत नाही म्हणून मेमरी कार्ड लावायची जोडणी बनवली गेली आहे. झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ चा दुसरा घरगुती संगणक. त्याच्या कीबोर्डखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा कडक होऊन तुटतो, तर तो पडदाही आज नवा बनवून मिळतो.

दुसरी वाट एम्युलेटरची. मुलांना हा शब्द समजावताना मी गावात येणाऱ्या बहुरूप्याचं उदाहरण देतो. बहुरूपी पोलिसाचं सोंग घेतो तेव्हा तो पोलिसासारखाच बोलतो, चालतो, दम देतो. एम्युलेटर म्हणजे नव्या संगणकाने घेतलेलं जुन्या संगणकाचं सोंग. जुन्या प्रोग्रामला कळतच नाही की आपण दुसऱ्याच यंत्रावर चालतो आहोत. बीबीसी मायक्रोचा असा एम्युलेटर साध्या ब्राउझरमध्ये मोफत चालतो, म्हणजे शाळेच्या कोणत्याही संगणकावर.

यात हक्कांचाही प्रश्न येतो. स्पेक्ट्रमच्या पोटातला मूळ प्रोग्राम ॲमस्ट्रॅड कंपनीच्या मालकीचा होता. एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी तो सोबत द्यायला हरकत नाही, असं त्या कंपनीने १९९९ मध्ये जाहीर केलं. मालकाने मोकळ्या मनाने परवानगी दिली म्हणून तो ठेवा टिकला. जुनं जपायचं म्हणजे विचारून जपायचं, हेही मुलांना यातून सांगता येतं.

मिरज आणि वाई

कुणी म्हणेल, हे इंग्लंडमधल्या लोकांचे छंद, आपला काय संबंध? पण या दोन्ही वाटा आपल्याच दोन जिल्ह्यांत जुन्या आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत जा. शिकलगार घराण्यांनी तिथे तंतुवाद्यांची कला उभी केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे भोपळ्याला तडा गेला म्हणून तंबोरा कुणी चुलीत घालत नाही. तडा सांधतात, जवारी पुन्हा लावतात आणि वाद्य बोलू लागतं. ही झाली दुरुस्तीची वाट.

सातारा जिल्ह्यातल्या वाईत या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ते जाडजूड खंड आज ग्रंथालयाच्या कपाटात आहेतच, पण तोच मजकूर इंटरनेटवरही वाचता येतो. खंड तसाच राहिला, ज्ञान नव्या भांड्यातही ओतलं गेलं. ही झाली दुसरी वाट.

दोन्ही लागतात. नुसतं यंत्र ठेवलं तर ते कधीतरी कायमचं बंद पडेल. नुसता एम्युलेटर ठेवला तर त्याने घेतलेलं सोंग बरोबर वठलं का, हे ताडून बघायला मूळ यंत्रच उरणार नाही.

खरी काळजी आपल्या मराठी फायलींची

आता आपल्या घरातली गोष्ट. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळे वेगवेगळ्या फाँटमध्ये मराठी टाइप करत होतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशी नावं अनेकांच्या ओठावर असतील. त्या फाँटमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवायचा आणि पडद्यावर मराठी आकार दाखवायचा. म्हणून तो फाँट नसेल तर आज ती फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो.

स्नेहसंमेलनाची संहिता, शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका, मुलांच्या कवितांचं हस्तलिखित, एखाद्या निवृत्त गुरुजींनी रात्री जागून केलेल्या प्रश्नपेढ्या, हे सगळं त्या फायलींत आहे. सीडीवर आहे, जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे. संगणक टेम्पोत गेला की तेही गेलं. फ्लॅशमध्ये केलेल्या शैक्षणिक खेळांचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरअखेर अडोबीने फ्लॅशला पाठिंबा देणं थांबवलं आणि शिक्षकांनी हौसेने केलेले कितीतरी खेळ उघडेनासे झाले. रफल नावाचा मोफत एम्युलेटर त्यातले बरेच पुन्हा चालवतो. पण त्यासाठी मूळ फाइल तरी जवळ हवी ना!

"एवढा वेळ कुणाकडे आहे?"

हा प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन माहिती भरण्यातच आपला अर्धा दिवस जातो. म्हणूनच मी संग्रहालय उभारा असं म्हणत नाही. चार कामं करू.

१) निर्लेखनाच्या यादीतून एक चालू संगणक, शक्यतो जुना फाँट असलेला, मुख्याध्यापकांच्या परवानगीने बाजूला ठेवू. बाकीचे रीतसर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जाऊ देत.

२) यादीतल्या प्रत्येक संगणकातल्या मराठी फायली आधी काढून घेऊ. मूळ फाइल, तिचा फाँट आणि पीडीएफ अशा तीन गोष्टी एकत्र ठेवू. वेळ मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये बदलू. मुलांची गुणपत्रकं आणि खाजगी माहिती मात्र यात मिसळायची नाही.

३) प्रत दोन गावांत ठेवू. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. सांगलीच्या शाळेची प्रत साताऱ्याच्या शाळेत आणि साताऱ्याची सांगलीत, एवढी मैत्री आपल्याला जमेल.

४) आठवी-नववीच्या मुलांना महिन्यातून एक तास ब्राउझरमधला बीबीसी मायक्रो द्यावा. दोन ओळींत सातचा पाढा छापता येतो का ते बघायला सांगावं. ३२ किलोबाइटमध्ये काम करताना मूल विचार करून लिहितं, कारण उधळपट्टीला जागाच नसते.

पालकांना एक कळकळीची सूचना. जुन्या यंत्राचा वीजपुरवठा किंवा जाड पडद्याचा मॉनिटर मुलांना उघडू देऊ नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो. ते काम जाणकार मेकॅनिकचं. मुलांनी शेजारी उभं राहून बघावं, प्रश्न विचारावेत, वहीत टिपून घ्यावं.

"त्यापेक्षा नवीन टॅब घ्या की," असं एक पालक म्हणाले. टॅब जरूर घ्यावा. पण बिघडलेली वस्तू उघडून तिच्यात काय बिघडलं ते शोधता येतं, हे मुलाला टॅब शिकवत नाही. तो बिघडला की दुकानात जातो किंवा कपाटात. आज आपण घेत असलेले टॅब आणि स्मार्ट टीव्हीही दहा वर्षांनी याच यादीत येणार आहेत. त्यांच्यातलं आपलं काम कसं वाचवायचं याची सवय आत्ताच लागली तर बरं.

येत्या निर्लेखनाच्या बैठकीत सही करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा, "यातल्या फायली काढून घेतल्या का?" उत्तर 'नाही' आलं, तर टेम्पोवाल्याला आठ दिवसांनी बोलवा.