आधी पाणी, मग पत्रा, शेवटी रंग

गाडीच्या दाराखाली रंगाला फोड आला की नाशकात सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो, "विकून टाका, गंज म्हणजे गाडीचा कॅन्सर." दुसरा म्हणतो, "पुट्टी भरा, रंग मारा, ओळखूही येणार नाही." तिसऱ्याचा भरवसा खालून जळकं ऑइल मारण्यावर. आणि चौथा दिलासा देतो, "आपली हवा कोरडी, गंज हे मुंबईचं दुखणं." चारही मतांत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

दिलाशापासूनच सुरुवात करू. नाशकाची हवा खारी नाही, हे कबूल. पण तासाभरावरच्या इगतपुरीत मुंबईहून अधिक पाऊस पडतो, आणि कसारा घाट चढून आलेली गाडी तिथला चिखल मडगार्डच्या आत घेऊन घरी येते. निफाड-दिंडोरीकडच्या पिकअपचं दुखणं तर आणखी वेगळं. मोरचूदाच्या पाण्यात खिळा टाकला की त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो आणि लोखंड विरघळत जातं, हा शाळेतला प्रयोग. द्राक्षावरच्या फवारणीसाठी नेलेलं मोरचूद हौद्यात सांडलं आणि तसंच राहिलं, तर रंग उडालेल्या पत्र्यावर तोच प्रयोग सुरू होतो. गंजाला समुद्रच लागतो असं नाही. पाणी आणि हवा पुरते. मीठ किंवा मोरचूद मिळालं तर त्याचा वेग वाढतो.

आता पुट्टी. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या दाराला एका गॅरेजात पुट्टी भरून झकास रंग मारून घेतला होता. पुढच्या आषाढात त्याच जागी पुन्हा फोड. नखाने टोकरला तर पुट्टीची अख्खी खपली हातात आली. मागच्या बाजूला गंजाचा ओला भुगा. दार हलवलं तेव्हा आतून पाण्याची डुचमळ ऐकू आली. काच खाली-वर होते तिथून पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून कंपनी खालच्या कडेला भोकं ठेवते. ती भोकं चिखलाने आणि रंगाने बुजली होती. म्हणजे रोग आत, मलम बाहेर. शिवाय पुट्टी स्वतः ओल शोषते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने वरचा थर उचलतोच.

जळक्या ऑइलवाल्यांचं निम्मं बरोबर आहे: तेल पाणी अडवतं. पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि काजळी असते, ते रबरी बुश खराब करतं आणि पहिल्याच पावसात धुपून नाल्यावाटे गोदावरीच्या वाटेला लागतं. तेलाचं काम करायला पोकळ भागांत मारायचं मेण बाजारात मिळतं. गंजावरच काळं अंडरकोटिंग थापणं तर पुट्टीचंच भावंड: ओल आत कोंडली जाते.

मग करावं काय? कमी पैशात करायचं तर क्रम चुकवू नये. आधी पाण्याची वाट मोकळी करा: भोकं तारेने साफ करा, फाटलेलं रबर बदला. मग पत्रा. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि घासपेपरने काढा. फोडाच्या कडेला चांगला पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत चिकटून उरलेल्या गंजावर कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फरिक आम्ल गंजाचं लोह-फॉस्फेट करतं. दिल्लीच्या मेहरौलीतला सुमारे 1600 वर्षांचा लोहस्तंभ टिकला, त्यातही फॉस्फेटच्या थराचा मोठा वाटा आहे. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. वाळल्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर ओल आत जाऊ देतो, म्हणून नुसत्या प्रायमरवर गाडी महिनोन् महिने फिरवू नका. पुट्टी लागलीच तर इपॉक्सीवर, पातळ. शेवटी रंग आणि लॅकर, आणि दाराच्या आतून मेण. रंगाची छटा किंचित चुकली तरी चालेल; पैसा रंगाखाली घाला. हे काम उन्हाळ्यात करा, दमट हवेत नको.

"विकून टाका" म्हणणाऱ्यालाही त्याचं श्रेय देऊ. पेचकसाची मूठ ठोकून पाहा: पत्रा टणक वाजला तर वाचला, भुसभुशीत वाजला तर गेला. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे जाड पुट्टी समजा. दार, मडगार्ड, डिकीचं झाकण यांवर काटकसर जरूर करा. पण चॅसी, दाराखालचा पोकळ पत्रा, सीटबेल्टची आणि सस्पेन्शनची जागा गंजली असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणं हाच उपाय. त्याचा खर्च परवडत नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करताना तपासणीही होते. गंजाने चॅसी नंबर खाल्ला असेल तर तिथे पुट्टी कामाला येत नाही.

तेव्हा येत्या पावसाआधी एकदा गाडीशेजारी उकिडवे बसा, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा आणि ती भोकं शोधा. बुजलेली असतील तर एक तार घ्या. त्याला खर्च नाही.