शेवंतीची रात्र

दिवाळीच्या पणत्या धुऊन कपाटात गेल्या की सोलापूरच्या वर्षातला सर्वांत सौम्य काळ सुरू होतो. उन्हासाठी ख्यात असलेल्या या शहरात कार्तिक-मार्गशीर्षात पहाटेचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो, सप्टेंबरच्या परतीच्या पावसाची ओल मातीत अजून शिल्लक असते आणि घराघरांतल्या कुंड्यांना थोड्या पाण्यावरही टवटवी राहते. भवानी पेठेत हा ऋतू फुलांच्या क्रमानेच ओळखावा. भाद्रपद अमावास्येपासून तेलुगू भाषक विणकर कुटुंबांच्या अंगणांत बतुकम्मा रचली जाते, तेव्हा माळरानावरच्या तरवडाची पिवळी फुले पेठेत येतात. दसऱ्याला झेंडूचा मान. त्यानंतर पारिजातकाचा सडा विरळ होत जातो आणि मागे उरतात कोरांटी, अबोली, गुलबक्षी आणि या सर्वांची थोरली म्हणावी अशी शेवंती.

या दिवसांत फुलाचा रंग टिकतो, यामागे साधे कारण आहे. हवा गार असली म्हणजे फुलाचे श्वसन मंदावते आणि पाकळ्यांतील पाणी सावकाश उडते. उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत मान टाकणारे फूल थंडीत कितीतरी अधिक दिवस झाडावर राहते. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्यांवर तर उतरत्या वयात गारव्यामुळे गुलाबी झाक चढते. मात्र रंग टिकण्यापूर्वी कळी धरावी लागते. शेवंतीची कळी कशावर अवलंबून असते, याचा उलगडा भवानी पेठेतील एका व्यापारी कुटुंबाला अनपेक्षितपणे झाला.

या कुटुंबाचे पुढे दुकान, मागे माल ठेवण्याचे गोदाम आणि मधल्या मोकळ्या जागेत शेवंतीच्या 11 कुंड्या. घरातल्या आजींचे वय 78. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी माहेराहून शेवंतीचे फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. बहर संपल्यावर झाड छाटायचे, बुंध्याशी येणारे फुटवे वेगळे करून नव्या मातीत लावायचे, असा क्रम त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे चालविला. माहेरचे घर आता उरलेले नाही. तिथली म्हणावी अशी ही एवढीच वस्तू. या घरात झाडावरचे फूल तोडण्याची पद्धत नाही. वाळलेले तेवढे आजी अलगद काढून टाकतात. वाळलेली फुले वेळच्या वेळी काढली तर झाडाची शक्ती बी धरण्यात खर्ची पडत नाही आणि उरलेल्या कळ्यांना बळ मिळते, हे माळीही सांगतो. घरातला जीवदयेचा आचार आणि बागकामाचे शास्त्र इथे एका वाटेवर आले होते.

एका श्रावणात गोदामाचे कुलूप फुटले. माल फारसा गेला नाही, पण घराने धास्ती घेतली. थोरल्या मुलाने मागच्या भिंतीवर प्रखर एलईडी दिवा बसवून घेतला. तो सायंकाळपासून उजाडेपर्यंत जळू लागला. दिवाळी आली, पण शेवंतीवर कळी दिसेना. पाने मात्र हिरवीगार, झाडे वाढतच होती. कोणी मातीला दोष दिला, कोणी टाकीतल्या साठवणीच्या पाण्याला. खत बदलून झाले. आजी कोणाला काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी कुंड्यांपाशी बसत एवढेच.

कार्तिकात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. 11 पैकी दोनच कुंड्या फुलल्या होत्या आणि त्या दोन्ही पाण्याच्या टाकीआड होत्या. दिवसा ऊन सर्वांना सारखेच मिळे. रात्री मात्र टाकीची सावली त्या दोघींवर पडे. त्या रात्री त्यांनी मुलाला मागे बोलावले.

“तू खोलीतला दिवा मालवून झोपतोस. यांच्या डोळ्यांवर रात्रभर उजेड आहे रे.”

“आई, दिवा बंद केला आणि पुन्हा कुलूप फुटले तर?”

“बंद कर म्हणत नाही मी. तो दारावर पडू दे, झाडांवर नको. आणि खाली बघ जरा.”

दिव्याखालच्या फरशीवर पाकोळ्या, चिलटे आणि पंखवाल्या किड्यांचा थर पडला होता. दुकानाच्या गडबडीत तो कोणाच्या दृष्टीस आला नव्हता. मुलगा बराच वेळ उभा राहिला.

आजींनी अनुभवाने जे ओळखले, ते शास्त्राने शंभर वर्षांपूर्वी नोंदविले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये दाखवून दिले की, अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की, अशा झाडांच्या दृष्टीने महत्त्व दिवसापेक्षा अखंड रात्रीला आहे. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी कळी धरण्याचे काम अडते. शेवंती याच जातीची. सोलापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस 13 तासांहून थोडा अधिक, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस 11 तासांहून थोडा अधिक असतो. हा जेमतेम दोन तासांचा फरक शेवंती मोजते आणि रात्र पुरेशी लांबली की कळी धरते. फुलांचे व्यापारी उत्पादक याच गुणाचा उपयोग करतात. बहर लांबवायचा असेल तर ते रात्री दिवे लावतात, लवकर हवा असेल तर संध्याकाळीच झाडांवर काळे कापड ओढतात. या घराने अजाणता पहिला उपाय योजला होता.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलाविला गेला. माणसाच्या हालचालीने लागणारा दिवा गोदामाच्या दारावर बसला आणि त्यावर पत्र्याची झापड आली, म्हणजे उजेड खाली दारापुरताच पडावा. कुंड्या टाकीमागच्या अंधाऱ्या बाजूस सरकल्या. अंधार मिळू लागल्यावरही शेवंतीला फुलायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. दिवाळीचा बहर हुकला तो हुकलाच. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी शहर सजू लागले, तेव्हा नऊही कुंड्यांवर पिवळा रंग उघडला. संक्रांतीच्या सकाळी आजींनी सुनेला आणि नातीला हाताशी घेऊन फुटवे कसे ओळखावेत, ते कोठून कापावेत, हे प्रथमच सविस्तर दाखविले. आजवर हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नव्हते.

ज्यांच्या घरी शेवंती आहे, त्यांनी गणेशोत्सवानंतर शेंडे खुडणे थांबवावे, पाणी सकाळी मुळाशी द्यावे आणि सूर्यास्तानंतर कुंडीवर दिव्याचा झोत येत नाही ना, हे एकदा पाहावे. डिसेंबरात पाने लाल होणारी पॉइन्सेटिया असेल तर तिलाही हाच नियम लागू पडतो. सूर्यास्ताबरोबर चूल आवरण्याची शिस्त ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना कुंडीतल्या झाडापुरता अंधार राखणे जड जाऊ नये.